लाल झारी

मोटारीच्या मीटरमध्ये एक इवलंसं लाल चित्र असतं. लांब चोचीची झारी आणि चोचीच्या टोकाशी एक थेंब. नातवंडांना तो अल्लाउद्दीनचा दिवा वाटतो. आमच्या पिढीला शिवणयंत्राला तेल घालायची कुप्पी आठवते. किल्ली फिरवली की ती झारी पेटते आणि इंजिन सुरू झालं की दोन-तीन सेकंदांत विझते. मग वर्षानुवर्षं तिच्याकडे कुणी बघत नाही.

ती चालत्या गाडीत पेटली तर? दहातले आठ जण म्हणतील, ऑइल कमी झालं असेल, पुढच्या पंपावर टाकू अर्धा लिटर. पण तो दिवा ऑइल किती आहे हे सांगतच नाही. ऑइलचा दाब पडलाय, एवढंच तो सांगतो. चेंबर काठोकाठ भरलेलं असतानाही दाब शून्यावर येऊ शकतो. विहिरीला पाणी भरपूर आहे, पण शेवटच्या सरीपर्यंत पोचत नाही, असं आपल्याकडे होतंच की.

आमच्या भागात आता ठिबक सगळ्यांच्या परिचयाचं झालंय, म्हणून त्याचंच उदाहरण देतो. मोटर पाणी ढकलते. दाब मोटर तयार करत नाही, तो तयार होतो पाण्याला बारीक छिद्रांतून जावं लागतं म्हणून. उंदरांनी जवळच्या नळ्या चार ठिकाणी कुरतडल्या की मोटर तेवढीच चालते, पाणीही तेवढंच उपसतं, पण फिल्टरजवळचा काटा खाली येतो आणि टोकाची झाडं वाळतात. इंजिनमध्ये हेच आहे. खाली चेंबरमध्ये ऑइल, त्यात बुडालेली जाळी, जाळीतून ओढणारा पंप, पुढे फिल्टर आणि मग बारीक वाटांनी क्रँकच्या बेरिंगांपर्यंत आणि वर कॅमपर्यंत. क्रँक बेरिंगला टेकून फिरत नाही, ऑइलच्या पापुद्र्यावर तरंगत फिरतो. मधली फट केसाहूनही बारीक. गाडी दोन लाख किलोमीटर पळाली की ती फट वाढते. ऑइल पातळ झालं तरी ते फटीतून भराभर निसटतं. दोन्हीचा परिणाम एकच, काटा खाली.

आणि दाब फार वाढला तर? त्याचीही सोय असते. पंपाजवळ स्प्रिंगची एक झडप असते, जास्तीचं ऑइल ती परत चेंबरात सोडते. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर बांधलेला पाणीमहाल ज्यांनी पावसाळ्यात पाहिला असेल त्यांना हे वेगळं समजवायला नको. पाणी ठराविक उंचीवर चढलं की नर आणि मादी असे दोन धबधबे सुरू होतात आणि बांध सुरक्षित राहतो. आदिलशाहीतल्या त्या कारागिरांना स्प्रिंग लागली नाही, एवढाच फरक.

असो. मी काही यंत्रशास्त्राचा माणूस नाही. मराठी घेऊन बी. ए. झालो आणि उभा जन्म मराठी आणि इतिहास शिकवला. हे सगळं मला कळलं ते गरजेपोटी.

आमची मारुती ८०० आहे. १९९८ ची, कार्ब्युरेटरवाली, तीन सिलिंडरची, ७९६ सीसी. पासिंग एमएच २५, म्हणजे त्या वेळचं उस्मानाबाद, आताचं धाराशिव. घेतली तेव्हा जळकोटात अशा गाड्या बोटावर मोजण्याएवढ्या होत्या. आता कंपनीने ती बनवणं थांबवलं त्यालाही बरीच वर्षं झाली, २०१४ च्या जानेवारीपासून एकही निघालेली नाही. २०१३, २०१८ आणि २०२३ असं तीनदा नूतनीकरण केलं. शेवटच्या वेळी फी ५,००० रुपये झालेली होती, आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या चारचाकीला ती १०,००० केली. सरकारचा इशारा उघड आहे, म्हातारी गाडी घरात ठेवू नका.

मुलगाही तेच म्हणतो. तो पुण्याला असतो. "बाबा, ती गाडी काढून टाका. मी हप्ता भरतो, दुसरी घ्या." त्याचं काही चुकत नाही. पण त्याचे स्वतःचे घराचे हप्ते चालू आहेत हे मला माहीत आहे, आणि मला माहीत आहे हे त्यालाही माहीत आहे. विषय तिथेच थांबतो.

गाडी लागते ती सौ.साठी. २०२२ च्या दिवाळीनंतर तिचं डायलिसिस सुरू झालं. सोमवार आणि गुरुवार, सोलापूर. जळकोटहून साठेक किलोमीटर जाणं, चार तास मशीनवर, साठेक किलोमीटर येणं. जाताना ती गप्पा मारते, इटकळ आलं की हटकून तिच्या मावशीची आठवण काढते. येताना मान टाकून पडलेली असते. अंगातलं पाणी काढल्यावर बीपी पडतं, पायात गोळे येतात. एसटीत उभं राहणं सोडाच, बसणंही होत नाही. भाड्याची गाडी आठवड्यातून दोनदा करायची तर पेन्शन तिथेच संपेल. म्हणून ही मारुती. आमच्या घरात ती हौसेची वस्तू राहिलेली नाही, औषधाच्या डब्यासारखी झाली आहे.

गाडीच्या कप्प्यात माझी एक वही असते. मास्तरकीची सवय. किती लिटर पेट्रोल, किती किलोमीटर, कधी ऑइल बदललं, कधी टायर. वहीप्रमाणे एप्रिल २०२५ मध्ये गाडी २ लाख १४ हजार चालली होती.

त्या महिन्यातल्या एका गुरुवारी, परतताना, टोलनाक्यावर रांग लागली होती. फास्टॅग असला तरी रांग काही सुटत नाही. बाहेर चाळिशीचं ऊन. गाडी न्यूट्रलमध्ये फुरफुरत उभी, आणि झारी पेटली. आधी लुकलुकली, मग स्थिर झाली. थोडी रेस दिली की विझे, पाय काढला की परत लागे. सौ.ने डोळे उघडले आणि म्हणाली, "अहो, ते लाल काय लागलंय?"

मी गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. याबाबतीत दुसरं मत नाही. दाब नसताना इंजिन चालवलं तर तो पापुद्रा फाटतो, लोखंड लोखंडाला घासतं आणि काही मिनिटांत बेरिंग क्रँकला चिकटून बसतं. मग जे खर्चाचं आकडे सांगतात ते गाडीच्या किमतीपेक्षा जास्त असतात. एवढं मला एका ड्रायव्हरने शिकवलं होतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर सास्तूरकडे धान्य आणि चादरी घेऊन जाणाऱ्या एका जीपमध्ये आम्ही काही शिक्षक बसलो होतो. जुन्या जीपांमध्ये दिव्याऐवजी दाबाचा काटा असायचा. रस्त्यावर दोन्ही बाजूंना जे दिसत होतं त्याने आमच्या सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालेलं, पण तो ड्रायव्हर दर मिनिटाला त्या काट्याकडे एक नजर टाकत होता. मी विचारलं तर म्हणाला, "गुरुजी, हितं गाडी बंद पडली तर पोती कोण न्हेणार?" काटा होता म्हणून त्याला खाली येणारा दाब आधी दिसायचा. दिवा मात्र दाब जवळजवळ संपल्यावरच लागतो. पुढे गाड्यांमधून काटे गेले आणि दिवे आले. इंग्रजीत म्हणे त्या दिव्याला मूर्खांचा दिवा म्हणतात. मला ते नाव पटत नाही. दिव्याने आपलं काम केलं होतं.

दहा मिनिटं थांबून, ऑइल खाली उतरू देऊन, मी डिपस्टिक काढली, पुसली, परत घालून बघितली. ऑइल कमी नव्हतं. वरच्या खुणेच्याही अर्धं बोट वर होतं! वही काढली. ८ मार्चला ऑइल बदललं तेव्हा बरोबर वरच्या खुणेवर, तशी नोंद. त्यानंतर २,६०० किलोमीटर आणि एक थेंबही वरून टाकलेला नाही. जुनी गाडी ऑइल खाते हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. गाडी ऑइल घालते, हे मात्र मी पहिल्यांदाच पाहत होतो. म्हैस दूध देते तसं.

पुतण्याला फोन केला. तो मित्राची जीप घेऊन आला, काकूला मागच्या सीटवर उशी देऊन झोपवून घरी घेऊन गेला. मी गाडीपाशी थांबलो. संध्याकाळी दोर बांधून ती महामार्गावरच्या एका गॅरेजपर्यंत ओढत नेली. पुढचं डायलिसिस सोमवारी. मधे तीन दिवस.

त्या गॅरेजवाल्याने बॉनेटही नीट उघडलं नाही. "किती चाललीय? दोन लाख? मग बेरिंगं गेली. इंजिन उतरवावं लागतं. पंचेचाळीस हजार धरून चला, आठ दिवस लागतील." मी म्हटलं, दाब मोजून बघता का? तो म्हणाला, दिवा लागलाय ना, मग मोजायचं काय? बाजूला उभ्या एकाने लगेच भंगाराचा भावही सांगितला, अठरा हजार. रात्री मुलाला फोनवर सांगितलं तर त्याचा आवाज जरा सैल झाल्यासारखा वाटला. "बघा, मी म्हणत होतो." मी काही बोललो नाही. सौ. कॉटवर पडून सगळं ऐकत होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, "माझ्यापायी नका हो एवढं करू. आठवड्यातून एकदाच जाऊ."

एकदाच जाऊन चालत नाही, हे डॉक्टरांनी तिच्यासमोरच सांगितलेलं आहे. ते तिलाही ठाऊक होतं.

त्या रात्री झोप आली नाही आणि डायलिसिसच्या खोलीतली एक गोष्ट डोक्यात घोळत राहिली. तिथं मशीन सारखं ओरडतं. पहिल्या महिन्यात मशीन वाजलं की माझ्या पोटात गोळा यायचा. तिथल्या सिस्टर मात्र आधी पेशंटचा हात बघतात. हात वाकवला, नळीला पीळ बसला की दाब बदलतो आणि मशीन ओरडतं. मग त्या बीपीचा पट्टा बांधून खरा आकडा बघतात आणि त्यानंतर काय ते ठरवतात. आमच्या गाडीला बीपीचा पट्टा कुणी बांधलाच नव्हता.

शुक्रवारी सकाळी नळदुर्गच्या एका मिस्त्रींना बोलावलं. वय साठीचं, हाताला कायम काळं, बोलणं कमी. त्यांची मुलगी आमच्या शाळेत होती, एवढीच ओळख. आता त्यांच्याकडे फारसं काम येत नाही, नव्या गाड्यांना कॉम्प्युटर लावावा लागतो. ते म्हणाले, "सर, दिवा खरं बोलतोय का खोटं, ते आधी बगू. मग इंजिनाचं."

त्यांनी पिशवीतून जुन्या ट्रॅक्टरचा एक काटा काढला, त्याला तांब्याची बारीक नळी. दिव्याला जोडलेलं जे स्विच असतं ते इंजिनच्या अंगात आट्याने बसवलेलं असतं. ते काढलं आणि त्या जागी नळी बसवली. मला समजावून सांगत होते की हे स्विच फार साधं असतं, दाब साधारण अर्ध्या किलोच्या खाली गेला की दिव्याचं सर्किट जुळतं. जुनं झालं की आतला पडदा फाटतो, ऑइल गळतं आणि दाब चांगला असताना उगाच दिवा लागतो. वायरीचं आवरण घासून ती लोखंडाला टेकली तरी लागतो. कितीतरी इंजिनं या दीडशे-दोनशे रुपयांच्या स्विचपायी विनाकारण उघडली जातात.

मग म्हणाले, आता थोडाच वेळ सुरू करू, आणि नजर काट्यावर ठेवा.

थंड इंजिनला काटा अडीच किलोवर गेला. मला आनंद झाला. ते काही बोलले नाहीत. गाडी तापेपर्यंत काटा उतरत राहिला. दोन, दीड, एक. पंखा सुरू झाला तेव्हा नुसत्या फुरफुरण्यावर तो पाव किलोच्या आसपास थरथरत होता. रेस दिली तर जेमतेम एक किलो. जुन्या कारागिरांचा अंदाज असा की तापलेल्या इंजिनला दर हजार फेऱ्यांमागे दहा पौंड, म्हणजे पाऊण किलोच्या आतबाहेर, दाब असावा. त्या हिशेबाने हे फारच कमी होतं. मिस्त्रींनी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. "दिवा खरं बोलतोय."

स्विच सुटलं. म्हणजे आता पंचेचाळीस हजारच, असं मला वाटलं. पण ते डिपस्टिक घेऊन उन्हात गेले होते. मला बोलावलं. "वास घ्या."

पेट्रोल. स्पष्ट पेट्रोलचा वास. दोन बोटांत धरून चोळलं तर ऑइलचा चिकटपणाच नाही, पाण्यात गूळ विरघळावा तसं. त्यांनी एक थेंब वर्तमानपत्रावर टाकला, तो भराभर पसरला आणि भोवती पिवळट कडं उमटलं. ऑइल का वाढलं याचं उत्तर तिथं होतं. चेंबरात पेट्रोल उतरत होतं. पेट्रोलने ऑइल पातळ, पातळ ऑइल फटीतून निसटणार, गाडी तापली की आणखी पातळ, म्हणून थंड असताना दिवा नाही आणि टोलनाक्यावर दिवा. सगळ्या गोष्टी एका धाग्यात आल्या. मी वहीची मागची पानं काढली. मार्चपर्यंत लिटरला सतरा किलोमीटर, मार्चअखेर सोळा, एप्रिलमध्ये पंधराच्या खाली. ते पान मिस्त्रींना दाखवलं तर पहिल्यांदा हसले. "अशी वही सगळ्यांनी ठेवली तर आमचं अर्धं काम हलकं हुईल."

आता पेट्रोल उतरतंय कुठून? कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोलचा पंप विजेचा नसतो. इंजिनच्याच कॅमवर बसलेला एक दांडा वरखाली होतो आणि आतला रबरी पडदा हलवतो, त्या हलण्याने टाकीतलं पेट्रोल ओढलं जातं. पडद्याच्या एका बाजूला पेट्रोल, दुसऱ्या बाजूला इंजिनचं पोट. पडदा चिरला की पेट्रोल थेट ऑइलमध्ये. चोक अडकला किंवा कार्ब्युरेटर वाहत असला तरी पेट्रोल खाली उतरतं, पण ते त्यांनी आधीच तपासलं होतं. पंप काढला, उघडला. पडद्याच्या कडेला नखाएवढी चीर.

तो पडदा का फाटला यावर आमची थोडी चर्चा झाली. मिस्त्रींचं म्हणणं, "पेट्रोलात आता तुमच्या उसाची दारू आहे ना." इथेनॉलला ते सरळ दारूच म्हणतात, आणि रसायनशास्त्राच्या दृष्टीने ते चूक नाही. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचं उद्दिष्ट देशाने २०२५ मध्ये गाठलं. आमच्या धाराशिव आणि सोलापूर जिल्ह्यांतल्या साखर कारखान्यांनी त्यात हात लावलेला आहे, उसाचं बिल वेळेवर मिळायला त्याची मदत होते असं शेतकरीही सांगतात. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयानेच खुलासा केला की काही जुन्या गाड्यांमध्ये वीस-तीस हजार किलोमीटरनंतर रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात, आणि ते काम स्वस्तातलं आहे. आमच्या पडद्याचा गुन्हेगार इथेनॉलच, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. रबर जुनंही होतंच. पण ज्यांच्याकडे माझ्यासारखी कार्ब्युरेटरची गाडी आहे त्यांनी पंप एकदा उघडून बघावा. आपल्याच शेतातला ऊस आपल्याच गाडीच्या पोटात शिरतोय हा विचार मात्र मला गंमतीचा वाटला, त्या दिवसाच्या मानाने.

चेंबरचं बूच काढलं. मार्चमध्ये तीन लिटर घातलं होतं, निघालं पावणेचार. धार पाण्यासारखी. मिस्त्रींनी पोरांना लांब पिटाळलं आणि एका बघ्याच्या तोंडातली विडी काढायला लावली, कारण असल्या ऑइलची वाफ पेट घेते. चेंबर सोडवलंच आहे तर जाळीही बघू म्हणून बघितली. निम्मी जाळी काळ्या गाळाने बुजलेली. नुसता पंप बदलून ऑइल घातलं असतं तर ही जाळी तशीच राहिली असती आणि दोन महिन्यांनी परत झारी. रॉकेलने ती धुतली, सुकवली. नवा पेट्रोलपंप पुतण्याने सोलापूरहून आणला. फिल्टर नवा. ऑइल २०-डब्ल्यू-४०, जे या गाडीला पहिल्यापासून चालतं. यातला पहिला आकडा थंडीतल्या पातळपणाचा आणि दुसरा शंभर अंशांवरच्या घट्टपणाचा. पातळ ऑइलने ॲव्हरेज वाढतं हे ऐकून हल्ली लोक जुन्या इंजिनात नव्या गाड्यांचं ऑइल ओततात. तसंच उलट, दाब वाढवायला म्हणून दुकानात मधासारख्या घट्ट रसायनाच्या बाटल्या मिळतात. मिस्त्रींनी त्या बाटलीला नाव ठेवलंय, तापावरची गोळी. ताप उतरतो, दुखणं तसंच.

शनिवारी दुपारी परत काटा लावला. गाडी चांगली तापू दिली. फुरफुरण्यावर पाऊण किलोच्या वर. तीन हजार फेऱ्यांवर अडीच किलोच्या पुढे. दिवा लागला नाही. सगळं मिळून खर्च २,९०० रुपये, त्यात त्यांची मजुरी सातशे. मी हजार दिले तर तीनशे परत केले.

"बेरिंगं नवी नाहीत, सर," जाताना म्हणाले. "नव्या इंजिनाला यापेक्षा जास्त दाब असतो. पण बेरिंग लागलं की खालून ठक ठक असा जड आवाज येतो, तो न्हाई. रेस न देता चालवा. तीनशे किलोमीटरवर ऑइल परत बदला, आतल्या वाटांत पेट्रोल राहिलेलं असतंय. आन् हा काटा राहू द्या गाडीत." त्यांनी डॅशबोर्डच्या खाली पट्टी ठोकून तो ट्रॅक्टरचा काटा कायमचा बसवला. स्विचही एका जोडाने शेजारीच ठेवलं, म्हणजे झारीही आहे आणि काटाही.

माझ्या वडिलांच्या बैलगाडीला यातलं काहीच नव्हतं. गाडीखाली बांबूचं नळकांडं लटकवलेलं असे, त्यात वंगण. एरंडेल आणि जळक्या चिंध्यांची काजळी असं काहीतरी काळं मिश्रण. कणा कोरडा पडला की चाक कुरकुरायचं, आणि ती कुरकुर अर्ध्या गावाला ऐकू जायची. वडील खाली उतरत, खुंटी काढत, चाक जरा सरकवत आणि बोटाने वंगण लावत. कण्याच्या कुरकुरीचा अर्थ सांगायला कुणी लागत नव्हतं. इंजिनात मात्र कुरकुर ऐकू येईपर्यंत सगळं आटोपलेलं असतं.

सोमवारी सकाळी सहाला निघालो. मुलाला आदल्या रात्री सगळा वृत्तांत सांगितला होता. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "ठीक आहे, पण रोज मला काट्याचा आकडा कळवा." आता आमच्या घरात तीन आकडे पुण्याला जातात, आईचं वजन, आईचं बीपी आणि गाडीचा दाब. तिसरा आकडा तीच वाचते. काटा तिच्या बाजूला आहे, मला चालवताना वाकून बघावं लागतं. नळदुर्ग ओलांडलं की म्हणते, "दोन." बोरामणीला, "दोनच." टोलनाक्याच्या रांगेत तिचे डोळे त्या काट्यावरून हलत नाहीत. "पाऊण आहे... पाऊणच आहे." येतानाही आता ती लगेच मान टाकत नाही, टोलनाका जाईपर्यंत जागी राहते. मी म्हटलं, झोप तू, मी बघतो. म्हणाली, "तुम्ही रस्ता बघा."

तीनशे किलोमीटरवर ऑइल परत बदललं. बाहेर आलं ते तीन लिटर, ना कमी ना जास्त, आणि वास फक्त ऑइलचा. ॲव्हरेज साडेसोळावर आलंय. नूतनीकरण २०२८ पर्यंत आहे, त्या वेळी दहा हजार भरायचे की नाही हे मी अजून ठरवलेलं नाही. उद्या गुरुवार आहे. पहाटे उठून डिपस्टिक बघायची आणि वहीत लिहायची.